अठ्ठेचाळीस आणि अठरा दात्यांचा हिशेब

पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, मळा नावाच्या वस्तीत राहणाऱ्याला उजाडल्याचे कळते ते पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने. कॅरिअरवर पाव, उंडे आणि पोळ्यांनी भरलेली, निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली घेऊन तो सपाट रस्त्याने सहज पायडल मारत येतो. पण टेकडीचा चढ जिथे लागतो तिथे, सायकलीला अजून बऱ्यापैकी वेग असतानाच, तो खाली उतरतो आणि ती ढकलू लागतो. दम लागण्याची वाट तो पाहत नाही. त्याच्या काळ्या लोखंडी सायकलीला गिअर एकच असतो, आणि कोणत्या चढावर उतरायचे हे त्या सायकलीच्या दात्यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते.

माझ्याकडेही तशीच एक जुनी सायकल आहे. ती अंगणात उलटी ठेवून, खडूने खूण करून मी दाते मोजले तेव्हा पायडलाजवळच्या चक्राला ४८ आणि मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ भरले. ४८ ला १८ ने भागले की २.६७ येतात, म्हणजे पायडलाचा एक फेरा होईपर्यंत मागचे चाक दोन फेरे पूर्ण करून तिसऱ्याचा दोन-तृतीयांश भाग गाठते. हवा भरण्याच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवली तर हे घरबसल्या पाहता येते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असल्यामुळे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल ५.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे या निवांत गतीने ताशी साडेसतरा किलोमीटर आणि साठ फेऱ्यांनी एकवीस किलोमीटर वेग मिळतो. शहरात रोज ये-जा करणाऱ्याला याहून अधिक वेगाची गरज क्वचितच पडते, आणि सपाट गावात एकच गिअर पुरतो तो एवढ्याचमुळे.

सत्तर किलोचा माणूस आणि वीस किलोची सायकल मिळून नव्वद किलो धरू. ताशी १८ किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाताना हवेचा आणि टायरच्या घर्षणाचा विरोध मिळून सुमारे १६ न्यूटन भरतो आणि त्याला लागणारी शक्ती ८० वॉटच्या आसपास असते. सराव नसलेला पण निरोगी माणूस तासभर सलग १०० ते १५० वॉट देऊ शकतो, म्हणून हे काम अंगाला जाणवत नाही. आता रस्ता पाच टक्के चढाचा, म्हणजे दर शंभर मीटरला पाच मीटर उंची वाढणारा, झाला की गुरुत्वाकर्षणाचे आणखी ४४ न्यूटन समोर उभे राहतात. तोच वेग राखायचा तर ३०० वॉट लागतील. ते शक्य नसल्याने १५० वॉटवर भागवावे लागते, वेग ताशी दहा किलोमीटरवर येतो आणि पायडलाचे फेरे मिनिटाला तिसावर घसरतात.

खरी अडचण इथे सुरू होते. गिअर बदलता येत असता तर हेच १५० वॉट साठ फेऱ्यांत, निम्म्या जोराने देता आले असते. एका गिअरवर मात्र पायडलावरचा जोर चढासोबत वाढतच जातो. पायडलाची दांडी साडेसोळा सेंटीमीटरची धरली तर पाच टक्के चढावर सरासरी तीस किलो वजनाइतका जोर लागतो, आणि पाय वर-खाली असताना तो जवळजवळ शून्य होत असल्याने दांडी आडवी असतानाच्या क्षणी तो सत्तेचाळीस किलोवर जातो. आठ टक्के चढावर हाच आकडा सत्तर किलो होतो. सत्तर किलोच्या माणसाने सीटवरून उठून सगळे अंग एका पायडलावर टाकले तरी जेमतेम बरोबरी होईल; पुढे जायचे तर हँडल खेचून हाताचा जोर मिळवावा लागेल. पोदेराच्या टोपलीचे वजन यात धरलेलेच नाही. आठ टक्क्यांच्या पुढे छातीत दम किती आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

स्नायूंच्या बाजूनेही हा सौदा तोट्याचा आहे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून दाखवले की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो, आणि जोर व वेग यांचा गुणाकार, म्हणजेच शक्ती, स्नायूच्या कमाल वेगाच्या साधारण एक-तृतीयांशावर सर्वाधिक असते. मिनिटाला तीस फेऱ्यांना मांडीचे स्नायू या सोयीच्या गतीपेक्षा फारच हळू चालतात. त्यातच जोरात आखडलेला स्नायू स्वतःमधल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो, त्यामुळे प्राणवायू हवा तेव्हाच कमी मिळतो. मांड्या भरून येतात त्या यामुळेच.

आधी वेग घेऊन चढ मारावा, असा सल्ला शाळकरी वयापासून ऐकू येतो. ताशी वीस किलोमीटर वेगातली सगळी ऊर्जा उंचीत बदलली तरी नव्वद किलोचे ओझे दीड मीटरच वर जाते. गतिरोधक किंवा छोट्या मोरीची कमान यासाठी एवढे पुरते. गोव्याचा भूगोल मात्र असा, की इथे सपाट भाग अगदी सपाट आणि चढ आखूड पण उभे. मांडवी आणि झुआरी यांच्या काठची खाजने, म्हणजे बांध घालून राखलेली खारी शेते, मळे, किनाऱ्याची वाळूपट्टी समुद्रसपाटीला टेकलेली. आणि त्यांच्या कडेला जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे पठारे, भिंतीसारखे उभे. १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या पणजी-रायबंदर बांधरस्त्यावर किंवा कोलवा ते मोबोर या किनारी रस्त्यावर दुसरा गिअर आठवतही नाही. तोच माणूस फेरीबोटीतून बेतीला उतरून पर्वरीच्या सड्याकडे वळला, किंवा फोंड्यात फर्मागुडीच्या चढाला लागला, की त्याला दात्यांचा हिशेब सुचू लागतो. शहराच्या सरासरी चढाला म्हणूनच काही अर्थ नाही. रोजच्या वाटेवरचा सर्वात उभा तुकडा कोणता, एवढेच पाहायचे.

सपाटीलाही एक चढ असतो, फक्त तो दिसत नाही. दुपारी खारे वारे सुटले आणि आपण मिरामारकडे तोंड करून ताशी पंधराने चाललो, वाराही पंधराचाच धरला, तर हवा आपल्याला तीसच्या वेगाने भेटते आणि तिचा विरोध चौपट होतो. ही भर जवळपास दोन टक्के चढाइतकी भरते.

आतापर्यंतच्या हिशेबात उतार फुकटचा होता, कारण फ्रीव्हीलमुळे पाय स्थिर ठेवून घरंगळता येते. फिक्स्ड गिअरच्या सायकलीत मागचे दातेरी चक्र हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, पक्के बसवलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. बंदिस्त धावपट्टीवरच्या शर्यतींत आजही हाच प्रकार चालतो. चढावर फिरते चाक पायाला वरच्या अवघड बिंदूपलीकडे ओढून नेते, म्हणून काहींना ती सोपी वाटते. पण ऊर्जा कुठूनही जास्तीची येत नाही, आणि तीस फेऱ्यांच्या मंद गतीला ही मदतही उरत नाही. उतारावर मात्र ताशी चाळीसला माझ्या दात्यांवर पाय मिनिटाला एकशे दहाहून अधिक वेळा फिरवावे लागतील.

पाय रोखून मागचे चाक घासत थांबणे दिसायला छान असते, परंतु थांबताना वजन पुढच्या चाकावर सरकते आणि मागच्या चाकाची पकड नेमकी तेव्हाच सुटते. पुढचा ब्रेक नसलेली फिक्स्ड सायकल पर्वरीच्या उतारावर नेणे हा माझ्या मते निव्वळ अविचार आहे. या घासण्यात एक गमतीचे गणित दडलेले आहे. पाय नेहमी एकाच स्थितीत रोखला तर टायर ठरावीक जागीच झिजतो. ४८ आणि १६ दात्यांचा भागाकार नेमका तीन, म्हणून झीज एकाच ठिकाणी आणि टायर लवकर निकामी. ४८ आणि १८ ला तीन जागा. पण ४७ आणि १७ घेतले, तर दोन्ही मूळ संख्या असल्याने झीज सतरा जागी वाटली जाते.

दाते बदलण्याची ही धडपड जुनीच आहे. तूर द फ्रान्स या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी गिअरयंत्रणा १९३७ पर्यंत निषिद्ध होती. तोवर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवत आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे करून पुन्हा लावत.

इतका खटाटोप रोज करणे शक्य नाही, म्हणून मी १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतले. साखळी पुरावी म्हणून चाक खाचेत थोडे पुढे सरकवावे लागले, एवढेच. सपाटीवर त्याच वेगासाठी पाय मिनिटाला पाच-सहा फेरे जास्त फिरतात, ते जाणवतही नाही. पायडलावरचा जोर मात्र दहा टक्क्यांनी उतरला आणि आठ टक्क्यांची मर्यादा नवावर गेली. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यातल्या लाल चिखलात गंजणारे सुटे भाग मोजकेच असणे हा एका गिअरचा मोठा फायदा आहे, तो मला सोडायचा नव्हता. बेतीहून वर जाताना मी अजूनही उतरतो, मात्र पूर्वीपेक्षा विजेचे दोन खांब पुढे.