आंबेडकर, भीमराव रामजी : अर्थशास्त्र, मंत्रिपद आणि सोलापूर

(14 एप्रिल 1891 – 6 डिसेंबर 1956). अर्थशास्त्रज्ञ, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सभासद (1942–46) व स्वतंत्र भारताचे पहिले विधिमंत्री (1947–51). त्यांचे सामाजिक व घटनात्मक कार्य सर्वपरिचित असल्याने येथे अर्थकारणाचीच बाजू घेतली आहे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्‌सी.साठी लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. 1893 मध्ये टाकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या, म्हणजे लोकांना स्वतःची चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात. सरकारला मात्र हवे तितके रुपये पाडता येत. पुढे 15 रुपयांस एक सॉव्हरिन (ब्रिटिश सोन्याचे नाणे), म्हणजे रुपयास 1 शिलिंग 4 पेन्स, हा दर ठरला. परदेशी देण्याघेण्यापुरते रुपयाचे सोन्यातील मोल राखणाऱ्या या सुवर्ण-विनिमय पद्धतीत हा बाहेरचा दर सांभाळला जाई, देशातील चलनाच्या संख्येला लगाम नसे. चलन फुगले की भाव चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते, हा आंबेडकरांचा मूळ आक्षेप. त्यांचा उपाय असा : सरकारनेही रुपये पाडणे थांबवावे, सोन्याची टाकसाळ खुली करावी, दोन्ही नाणी ठरीव प्रमाणात कायदेशीर चलन असावीत, पण रुपयाच्या बदल्यात सोने देण्याची हमी नसावी.

रिझर्व्ह बँक याच प्रबंधातून जन्मली, असे पुष्कळदा लिहिले जाते. भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि आयोगाने 1926 मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, हे खरे. तथापि अशा बँकेची योजना ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1913 च्या सुमारास मांडली होती; शिवाय आयोगाने पसंत केलेली सुवर्णधातू पद्धती (चलनाच्या बदल्यात नाणी नव्हे, तर सोन्याच्या लगडी देणारी) आंबेडकरांच्या सुवर्णनाण्यांच्या पद्धतीहून वेगळी होती. साक्षीचे महत्त्व मानून तिला एकमेव उगम न ठरवणे अधिक सयुक्तिक वाटते.

सोलापुरात आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये वसतिगृह काढले. 1877 च्या जुन्या गिरणीपासून वाढलेल्या येथील गिरणी कामगारांना त्यांच्या मजूर खात्याचे काम थेट लागू पडले. वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा कारखाना कायद्याच्या 1945 च्या दुरुस्तीने मिळाली. आंबेडकरांनी कामाच्या दिवसाचे ‘चौदा तासांचे आठ तास केले’ हे नेहमी केले जाणारे विधान मात्र ढोबळ आहे. 1934 च्या कारखाना कायद्यानेच कामाची कमाल मर्यादा दिवसाला 10 व आठवड्याला 54 तास होती. 1946 च्या दुरुस्तीने ती 9 व 48 वर आली. सहा दिवस आठ तासांची पाळी धरली की 48 भरतात, त्यामुळे हा समज रुजला असावा. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात साधारणतः वीस कामगार असले तरच हा कायदा लागे. त्यामुळे शहरातील घरोघरचे हातमाग आणि लहान मागशाळा त्याबाहेर राहिल्या.

जुनी गिरणी 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्राने अध्यादेश काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तेव्हा आंबेडकर विधिमंत्री होते. मात्र केवळ एवढ्यावरून अध्यादेशाचे कर्तृत्व त्यांच्याकडे देऊ नये. या ताब्याविरुद्धची एका भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1950 मध्ये बहुमताने फेटाळली. दुसऱ्या खटल्यात, 1953 मध्ये, तो ताबा भरपाईविना मालमत्ता हिरावणारा ठरून घटनाबाह्य झाला.