बेस गिटार : सेटअप आणि टोन

बेस गिटार हे साध्या गिटारच्या एक सप्तक खाली लागणारे, बहुधा चार तारांचे विद्युत वाद्य आहे. त्याच्या तारा, मान, सॅडल (ब्रिजवर, म्हणजे घोडीवर, तार जिथे टेकते तो तुकडा) आणि पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) एकमेकांशी जुळवून घेण्याच्या कामाला सेटअप म्हणतात. ही जुळवणी, तारांची जात आणि वाजवणाऱ्याची बोटे यांतून जो नाद निघतो तो त्या बेसचा टोन. दुकानात टोनची चर्चा अ‍ॅम्प आणि पेडलपासून सुरू होते, कारण विकायला तेच असते. वाद्य मात्र दुसऱ्या टोकाकडून ऐकावे लागते : आधी बोटे, मग तारा, मग सेटअप, मग पिकअप आणि सगळ्यांत शेवटी अ‍ॅम्प. आधीच्या टप्प्यावर जे बिघडले ते पुढच्या टप्प्यावर क्वचितच सुधारते. बहुतेक वेळा ते फक्त मोठ्याने ऐकू येते.

घडण

फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा विद्युत बेस सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकातच बनवला होता, पण तो फारसा चालला नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथून ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि या वाद्याचा साचा तिथेच ठरला. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची ३४ इंच (सुमारे ८६४ मिमी) लांबी आजही बहुतेक कंपन्या पाळतात. गिब्सन आणि हॉफ्नर यांचे तीस इंचांच्या आसपासचे बेस याला अपवाद. तोच स्वर कमी लांबीवर लावायचा म्हणजे तारेचा ताण कमी पडतो. त्यामुळे त्यांचा आवाज मऊ आणि गोलसर येतो.

चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा लागतात. त्यांच्या कंपनसंख्या अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ. पाच तारांच्या बेसमध्ये खाली ३०.९ हर्ट्झची बी तार येते. चारही तारांचा मिळून मानेवर सुमारे ७५ ते ८० किलोंचा ताण असतो. तो मानेला पुढे वाकवू पाहतो आणि मानेत बसवलेली लोखंडी ट्रस रॉड तिला मागे खेचते. सेटअपचे निम्मे शास्त्र या ओढाताणीत आहे.

तारा

टोनमध्ये सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक पडतो तो तारांनी. सुरुवातीच्या काळात फ्लॅटवाउंड तारा होत्या. त्यांच्यावरचे वेढे चपट्या पट्टीचे असतात, हाताला गुळगुळीत लागतात आणि आवाज बुटका, घुमणारा येतो. १९६६ साली ‘रोटोसाउंड’ या ब्रिटिश कंपनीने ‘द हू’चे बेसवादक जॉन एंटविसल यांच्या सहकार्याने राउंडवाउंड तारांचा संच तयार केला. गोल तारेच्या वेढ्यांमुळे वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उठणारे वरचे स्वर) मोकळे झाले आणि बेसला पियानोच्या खालच्या पट्टीसारखी खणखण आली. रॉकमधला पुढे येऊन बोलणारा बेस आणि पुढे बेसवादक लॅरी ग्रॅहम यांच्यापासून रुळलेले, तारेवर अंगठा आपटून केलेले स्लॅप वादन, दोन्ही या खणखणीशी जोडलेले आहेत. निकेलच्या तारा थोड्या सौम्य, स्टेनलेस स्टीलच्या अधिक तीक्ष्ण आणि फ्रेट लवकर झिजवणाऱ्या.

जुन्या तारा म्हणजे वाईट टोन, हा समज मात्र खरा नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत आणि तार तुटल्याशिवाय ती बदलत नसत. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे, उजव्या हाताची बहुधा एकटी तर्जनीच वापरत. साठच्या दशकातील मोटाउनच्या असंख्य रेकॉर्डवरचा तो ठसठशीत, लवकर विरणारा बेस अशाच वाद्यातून निघाला आहे. आज कोणी दुरुस्तीवाल्याकडे असा बेस घेऊन गेला, तर पहिला सल्ला तारा बदलण्याचा मिळेल.

तार चढवतानाच पुष्कळ काही ठरते. खुंटीच्या पुढे चार-पाच इंच तार ठेवून बाकीची कापायची, पण कापण्याआधी ती त्या जागी काटकोनात दुमडायची. गोल गाभ्याची तार न दुमडता कापली तर वेढे सैल पडतात आणि ती कायमची मुकी होते. दोन ते तीन वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत. फेंडर पद्धतीच्या हेडस्टॉकवर (मानेचे खुंट्यांचे टोक) डी आणि जी या तारांना खाली दाबणारी चकती असते, ए तारेला ती नसते. त्यामुळे ए तारेचे वेढे खुंटीच्या तळापर्यंत नेले नाहीत, तर नटवर तिचा कोन उथळ राहतो आणि मोकळी ए तार झणझणते. तार ताणून झाल्यावर सॅडलच्या अगदी पुढे बोटाने एकदा दाबावी. तिथे तिला स्वच्छ कोन मिळतो. तो नसेल तर तार कमानीसारखी सुटते आणि स्वर धूसर येतो.

सेटअपचा क्रम

क्रम पाळला नाही तर काम दोनदा करावे लागते. नव्या तारा चढवून नेहमीच्या स्वरात लावायच्या. मग मानेचा बाक, मग तारांची उंची, मग स्वरशुद्धी आणि शेवटी पिकअपची उंची. प्रत्येक पायरी पुढचीचे माप बदलते. पुन्हा मागे जाऊन आधीची तपासायची वेळ येते, ती वेगळी.

मान पूर्ण सपाट नसावी. कंपणारी तार मध्यभागी सर्वांत रुंद झुलते, म्हणून मानेला पुढच्या बाजूला किंचित बाक हवा. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, जिथे मान अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार दाबायची. तार आता सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२५ ते ०.३५ मिमी फट असावी. गॅरेजमध्ये टॅपेट सेट करताना वापरतात तेच फीलर गेज इथे चालते. ते नसेल तर व्हिजिटिंग कार्ड, कारण त्याची जाडी साधारण तेवढीच असते. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट फिरवायचा. एका वेळी पाव फेरा पुरे. लाकूड जागेवर यायला वेळ घेते, म्हणून बेस पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजायचे. रॉडचा नट जोर लावूनही हलत नसेल तर तिथेच थांबून कारागिराकडे जावे. तुटलेल्या रॉडचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

तारांची उंची सॅडलच्या छोट्या स्क्रूंनी ठरते. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि जी तारेखाली २ मिमी हे फेंडरचे नेहमीचे माप सुरुवातीला धरायला चांगले. हलका हात असेल तर याहून खाली जाता येते. ओढून वाजवणाऱ्याने जावे असे नाही : उंच तार थोडी त्रास देते, पण तिला झुलायला जागा मिळते आणि आवाज भरीव येतो.

झणझण कुठे येते यावरून बहुतेक दोष ओळखता येतो. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर मान अति सपाट झाली आहे किंवा मागे गेली आहे. बाराव्याच्या वर येत असेल तर तारा फार खाली आहेत किंवा मानेच्या टोकाला उंचवटा आहे. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नटची खाच झिजली आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पाहिल्यास पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली जेमतेम कागदाएवढी फट दिसायला हवी. अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारी झणझण सोडून द्यावी. घरी रात्री अ‍ॅम्पशिवाय वाजवताना सगळ्याच बेसमधून काही ना काही झणझणते.

फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या, बेसवर हीच झणझण हवीहवीशी होते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा तार घोडीच्या उतारावर किंचित घासत राहील अशी बेतलेली असते. फ्रेटलेसवर तार बोटापुढच्या फळीवर तशीच घासते आणि स्वराला ती बोलकी, नाकातली लकब येते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या १९६२च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले होते, खाचा भरल्या होत्या आणि फळीवर इपॉक्सीचा कडक थर चढवला होता. राउंडवाउंड तारा मऊ लाकूड खाऊन टाकतात आणि कडक पृष्ठभागावर स्वर जास्त वेळ टिकतो, ही दोन्ही कारणे त्या थरामागे होती.

स्वरशुद्धी ब्रिजवरच साधायची. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसते बोट टेकवून निघणारा स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर एक यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे घ्यायचे. हे काम जुन्या तारांवर करण्यात अर्थ नाही. असमान झिजलेली तार कुठेच धड लागत नाही. आणि सगळे ठीक असूनही जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल, तर तो सेटअपचा दोष नसतो. लांब मानेच्या बेसवर हे मृत ठिकाण जवळपास नेहमी सापडते, कारण मान त्या कंपनसंख्येला स्वतःच कंपते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. हेडस्टॉकला वजन लावले तर ते थोडे सरकते, पूर्ण जात नाही.

मुंबई, कोकण आणि गोव्यात हा सगळा हिशोब वर्षातून किमान दोनदा नव्याने करावा लागतो. पावसाळ्यात लाकूड ओल पिते, पाऊस सरल्यावर सोडते आणि दोन्ही वेळा मान हलते. मे महिन्यात उत्तम बसलेला बेस ऑगस्टमध्ये झणझणला तर कोणाची चूक शोधू नये, फट मोजावी. समुद्रकाठी तारा गंजण्याचा वेगही जास्त. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारांची खालची बाजूही पुसावी, घाम तिथेच साचतो.

हात

एकच बेस, एकच अ‍ॅम्प, तरी दोन वादकांचा टोन वेगळा येतो. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांची गाठ असते ते उपस्वर उठतच नाहीत. लांबीच्या एक-चतुर्थांशावर छेडले तर चौथा उपस्वर गायब. म्हणून मानेकडे आवाज गोल आणि पोकळ, ब्रिजकडे कोरडा आणि टणक. पास्टोरियस यांचा आवाज ब्रिजकडे छेडण्यातून आणि ब्रिजकडच्या पिकअपमधून येतो. रेगेतला खोल बेस बहुधा मानेजवळ, अंगठ्याने. लॉस एंजेलिसमधील बेसवादक कॅरोल के पिकने (हातात धरायच्या पातळ तुकड्याने) वाजवत आणि तारा फेल्टने दाबत, म्हणून त्यांचा प्रत्येक स्वर टोकदार येऊनही लांबत नाही.

छेडण्यापेक्षा थांबवणे अवघड. न वाजणाऱ्या तारा सहकंपनाने गुणगुणतात आणि खालच्या पट्टीत तो चिखल लगेच जाणवतो. उजव्या हाताचा अंगठा तारांवरून सरकता ठेवला, तर वरच्या बाजूच्या जाड तारा आपोआप दबून राहतात. महागड्या बेसवरही हे जमले नाही तर टोन गढूळच येतो.

पिकअप आणि वीज

पिकअप तारांच्या फार जवळ नेला तर चुंबक तार ओढतो. वरच्या फ्रेटवर स्वर हेलकावतो आणि शुद्ध लागत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सुमारे ३ मिमी अंतर ठेवावे आणि तिथून कानाने वर-खाली करावे. चारही तारा समान ऐकू येणे हे माप, मोठा आवाज हे नव्हे.

प्रिसिजन बेसला १९५७पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे. तुकडे उलट दिशेने गुंडाळलेले असल्याने विजेची घरघर एकमेकांत खोडली जाते. १९६०च्या जॅझ बेसला दोन एकेरी पिकअप आहेत. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना तेही शांत, एक कमी केला की घरघर सुरू. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे आणि बेसवरचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घरघर जीच्या किंचित वर लागलेल्या अखंड षड्जासारखी प्रत्येक गाण्याखाली वाजत राहते. मंडपातल्या ऑर्केस्ट्रात अर्थिंग नीट नसेल, तर पिकअप कितीही चांगला असो, ती येणारच. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर शिल्डिंग (घरघर अडवणारे धातूचे आवरण) तपासावे, आणि हात लावल्यावर चटका बसत असेल तर वाजवणे थांबवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

१९७६च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून अंगातच बॅटरीवर चालणारा प्रीअँप (वाद्याचा सिग्नल वाढवणारे मंडल) असलेले बेस रुळले. बहुतेकांत केबल जॅकमध्ये खोचलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, वाजवले नाही तरी.

अ‍ॅम्प आणि मिश्रण

ई तारेचा ४१ हर्ट्झचा मूळ स्वर बहुतेक स्पीकर धड देत नाहीत, मोबाइल तर मुळीच नाही. उपस्वर ऐकून कान तो भरून काढतो. त्यामुळे अ‍ॅम्पवरचा बेसचा बटण वाढवत नेल्याने बेस मोठा होत नाही, गर्दी होते. स्वर ओळखू यावा असे काम ७०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात होते आणि एकट्याने वाजवताना हाच पट्टा कर्कश वाटतो. चाचणी नेहमी इतर वाद्यांसोबत करावी. आपल्याकडे हे जास्तच लागू पडते : हिंदी आणि मराठी गाण्यांत तबल्याचा डग्गा किंवा ढोलकीची धूम बेसच्याच खालच्या घरात राहते. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकताना लक्षात येते, तो तालवाद्यांच्या खाली दबत नाही, त्यांच्यामधून वाट काढतो.

ध्वनिमुद्रणासाठी अ‍ॅम्प लागतोच असे नाही. मोटाउनमध्ये बेस डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल कन्सोलला जोडणारी पेटी) थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये जाई. मोठ्या मैफलीसाठी अँपेगने १९६९ साली ३०० वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा एसव्हीटी काढला. त्याचे डोके (स्पीकर सोडून उरलेला भाग) एकट्याला उचलणे जड जाते, आणि आज क्लास-डी पद्धतीचे तेवढ्याच ताकदीचे अ‍ॅम्प बेसच्या पिशवीच्या खिशात मावतात.