मेगुमी हायाशिबारा: पडद्यामागचा आवाज गाऊ लागला तेव्हा

पोकेमॉनमधली टीम रॉकेटवाली जेसी आपल्याकडच्या पोरांनी हिंदीत ऐकली. मूळ जपानी मालिकेत तिचं नाव मुसाशी, आणि १९९७ पासून तिचा आवाज म्हणजे मेगुमी हायाशिबारा.

जन्म ३० मार्च १९६७, टोकियोतला. नर्सिंगचं शिक्षण आणि आवाजी अभिनयाचे धडे त्यांनी एकाच वेळी गिरवले, नर्सिंगचा परवानाही मिळवला. मग १९८६ मध्ये ‘मेझों इक्कोकु’ या कार्टून मालिकेत किरकोळ भूमिका मिळाल्या आणि इस्पितळ मागे पडलं.

जपानी स्टुडिओतली पद्धत मोठी गमतीची. माइक मोजके, कलाकार त्याहून कितीतरी जास्त. सगळे संहिता हातात धरून एकाच खोलीत. आपलं वाक्य आलं की पुढे सरकायचं, बोलून झालं की बाजूला व्हायचं, आणि पान उलटायचं ते आवाज न करता. अशा खोलीतूनच १९८९ मध्ये ‘रानमा’ ही मालिका घडली. तिचा नायक म्हणजे गार पाणी अंगावर पडलं की मुलगी होणारा मुलगा. मुलगा असताना आवाज काप्पेई यामागुची यांचा, मुलगी झाल्यावर हायाशिबारांचा.

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. मालिकेची गाणी सीडीवर विकता येतात, आणि ती पात्राच्याच आवाजात असली तर चाहते हमखास घेतात, हे कंपन्यांनी हेरलं. किंग रेकॉर्ड्सच्या स्टारचाइल्ड लेबलने हायाशिबारांकडून भरपूर गाऊन घेतलं. १९९५ च्या ‘स्लेअर्स’मध्ये तोंडाळ जादूगारीण लीना त्यांचीच आणि शीर्षकगीतातही त्याच, गायिका मासामी ओकुईंच्या जोडीने. त्याच वर्षी ‘इव्हँगेलियन’मधली रेई: जेमतेम कुजबुजणारी, कोरड्या आवाजाची. रेईला भावना नाहीत असं नाही, तिला त्या ठाऊक नाहीत, असं दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी समजावलं होतं. माझ्या मते लीनापेक्षा ही कुजबुज अवघड. ओरडताना चुका झाकल्या जातात.

पुष्कळ गाण्यांचे शब्दही हायाशिबारांचेच. १९९७ च्या अल्बमचं नाव तर ‘इरावती’, आपल्या कानाला थेट ओळखीचं.

पहिला अल्बम १९९१ चा, पण एवढं गाऊनही पहिली एकल मैफल मात्र २०१७ ची. २०२४ मध्ये ‘रानमा’ नव्याने आली, तेव्हा गार पाण्यानंतरचा आवाज पुन्हा त्यांचाच होता.