फुफ्फुस बदललं म्हणून इम्युनिटी वाढवायची नसते हो

इंदूरला आमच्या गल्लीत काकांचं लंग ट्रान्सप्लांट झाल्यापासून जो येतो तो गुळवेलीचा काढा घेऊन येतो, म्हणे "प्रतिकारशक्ती वाढवा, नवं फुफ्फुस टिकेल". प्रेमाने आणतात, पण हे अगदी उलटं आहे! रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं, कमजोरीमुळे होत नाही, शरीर आपलं काम चोख करतं म्हणूनच होतं. टी-सेल्सना, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशींना, दात्याच्या पेशींवरची एचएलए प्रथिनं (पेशींचं जणू ओळखपत्र) परकी दिसतात आणि त्या हल्ला करतात, त्यात फुफ्फुस तर श्वासागणिक बाहेरच्या हवेला, धुळीला, जंतूंना उघडं, त्यामुळे तिथली सेना कायम जागी. 1963 मध्ये अमेरिकेत पहिलं फुफ्फुस बसवलं तो पेशंट 18 दिवसच जगला, 1983 नंतर सायक्लोस्पोरीनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

"वर्ष झालं, आता शरीराने स्वीकारलं" हेही खोटं, क्रॉनिक रिजेक्शन कित्येक वर्षांनीही येतं, गुपचूप. म्हणून काकांचा टॅक्रोलिमसचा (हीसुद्धा प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) अलार्म सकाळी आठ, रात्री आठ, रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्ताचा नमुना दिल्यावरच, आणि स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे फुफ्फुसाची ताकद मोजायच्या यंत्रात, फुंकून आकडा काकू वहीत लिहितात. आकडा घसरला की लगेच डॉक्टरांना फोन, खोकला-ताप नसला तरी. काढा आणायचाच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा ना प्लीज.