एक भिंतीला चिकटतो, दुसरा जंतूला चिकटवून घेतो: प्रोबायोटिक आणि मॉस

कोंबडीच्या पिल्लांसाठी दुकानात प्रोबायोटिक किंवा मॉस मागताना 'पोटाची पावडर द्या' एवढंच म्हटलं जातं आणि हाताला लागेल ती पुडी घरी येते. काम मात्र दोघांचं उलटं.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, बहुधा लॅक्टोबॅसिलस. आतडं चिरून पाण्यात धरलं तर आतली बाजू मखमलीसारखी दिसते. त्या लवेवर बुळबुळीत श्लेष्मा असतो. लॅक्टोबॅसिलसच्या अंगावरची प्रथिनं हा श्लेष्मा पकडतात. जागा भरली की साल्मोनेलाला, म्हणजे रोग आणणाऱ्या जिवाणूला, टेकणं अवघड, शिवाय लॅक्टिक आम्लाने आतडं आंबट होतं. फिनलंडच्या नुर्मी आणि रांटाला यांनी 1973 साली मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजून साल्मोनेला रोखला होता. खुडूक कोंबडीमागे फिरणाऱ्या गावठी पिल्लाला हा ऐवज आईच्या शिटेत चोच मारताना फुकट मिळतो. हॅचरीत, म्हणजे यंत्रात अंडी उबवून काढलेल्या पिल्लाला कुठला मिळायला? म्हणून पहिला डोस पहिल्याच दिवशी. दहाव्या दिवसापर्यंत जागा दुसऱ्यांनी बळकावलेली असते.

मॉस म्हणजे मॅनन-ऑलिगोसॅकराइड, यीस्टच्या पेशीभित्तीचा अंश. त्यात जीव नाही, तो भिंतीलाही चिकटत नाही. ई. कोलाय (हाही रोग आणणारा जिवाणू) आणि साल्मोनेलाच्या बऱ्याच प्रकारांना बारीक तंतू असतात; त्यांनी ते आतड्यावरची मॅनोज साखर धरतात. तीच साखर मॉसवर सापडली की जंतू तिलाच धरतो आणि शिटेबरोबर बाहेर पडतो. म्हणून मॉस रोजच्या खाद्यात हवा, टनामागे साधारण 1 किलो.

खरा घोळ पाण्यात. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर, पडतं. मॉस खाद्यातून जातो, त्याला फिकीर नाही. लॅक्टोबॅसिलस मात्र पिल्लाच्या चोचीत जाण्याआधीच मरतात. क्लोरीन मारायला पाण्यात लिटरमागे 2 ते 2.5 ग्रॅम साय काढलेली दूध पावडर ढवळा, 20 मिनिटं थांबा, मग प्रोबायोटिक घाला. दोन तासांत संपेल एवढंच पाणी घ्या. नंतर निपलची (पिल्लं चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्यांची) लाइन धुवा, नाहीतर दुधाचा साका बसून निपल तुंबतात. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना प्रोबायोटिक देणं म्हणजे पैसे पाण्यात. कोर्स संपल्यावर द्या. मॉस मधेही चालतो.

आणि शेडमध्ये पिल्लांखाली अंथरलेलं, जुलैत ओलं झालेलं तूस. मूठभर दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर गादी खालीवर करून कोरडं तूस घाला. ओलीत कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी वाढतो, आणि तो आतड्याचं अस्तरच फोडतो. मग प्रोबायोटिक चिकटणार कशाला? शिटेत रक्त दिसलं तर पुड्या बाजूला ठेवा आणि पशुवैद्यांना बोलवा.