मिडी कीबोर्ड

मिडी कीबोर्ड : संगणकातल्या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरला वादनाच्या सूचना पाठवणारे पट्ट्यांचे साधन. त्याला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढेच ते कळवते. कानावर पडतो तो आवाज संगणकातल्या वाद्याचा. म्हणून एकदा वाजवलेली चाल नंतर पेटीच्या, बासरीच्या किंवा सतारीच्या आवाजात ऐकता येते, चुकलेला स्वर माउसने जागेवर आणता येतो आणि लय कमीजास्त केली तरी आवाज बिघडत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडता यावीत म्हणून मिडी ही सांकेतिक भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले. त्यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी होते. २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाले. आपल्याकडच्या बेंजो पार्ट्यांत घुमणाऱ्या ऑक्टोपॅडचे १९८५ सालचे पहिले रूपही निव्वळ मिडी साधन होते : आठ पॅड, आणि आत एकही आवाज नाही.

प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. पट्टी दाबण्याचा जोरही १ ते १२७ मध्ये मोजला जातो. पेटीवर हात बसलेल्या वादकाची पहिली अडचण इथेच होते. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. त्यामुळे बोटांचा जोर सारखा ठेवायची सवय त्याला नसते आणि संगणकात त्याचे वादन उंचसखल उमटते. अशा वेळी जोराचा आकडा ठराविक करून ठेवावा आणि भात्याचे काम मॉड्युलेशनच्या चाकाकडे, म्हणजे आवाजात वाजवतानाच बदल करणाऱ्या कीबोर्डवरच्या चाकाकडे द्यावे. डावा हात भात्याला सरावलेला असतोच. तो या चाकावर लवकर रुळतो.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे, हा अधिक कठीण भाग. डावीकडचे पिच बेंडचे चाक स्वर वरखाली ओढते आणि त्याच्या १६,३८४ पायऱ्या असल्याने ओढ गुळगुळीत येते. मात्र बहुतेक वाद्यांत ही ओढ सुरुवातीला जेमतेम दोन अर्धस्वरांची (अर्धस्वर म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर) असते. सतारीची लांब मींड हवी तर ती वाद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वाढवावी लागते. शिवाय हे चाक त्या चॅनेलवरचे, म्हणजे सूचनांच्या त्या एका स्वतंत्र वाटेवरचे, सगळे स्वर एकदम ओढते. खाली ‘सा’ धरून ठेवला असेल तर तोही सरकतो, म्हणून आधारस्वर वेगळ्या चॅनेलवर ठेवतात. एका केबलमधून असे १६ चॅनेल जातात. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन) पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनेल मिळतो आणि ही अडचण सुटते.

श्रुतीचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांचा, प्रश्न याहून जुना आहे आणि त्याचे सांगलीशी जवळचे नाते आहे. पट्ट्यांच्या वाद्यावर बावीस श्रुती कशा मिळवाव्यात याचा ध्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी घेतला होता. त्यांनी आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यासाठी श्रुती हार्मोनियम पुढे आणली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांचे मिरज शेजारीच. आणि तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घडण) नीट लागली की खर्जातून गांधार आपसूक ऐकू येतो. तो स्वयंभू गांधार कीबोर्डच्या समान अंतराच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. तंबोरा आणि संगणकातली पेटी एकत्र वाजवली की हा फरक कानाला टोचतो.

देवलांना ज्यासाठी निराळे वाद्यच घडवून घ्यावे लागले, ते इथे आकडे बदलून साधते. क्रमांक ६४ ची पट्टी किती कंपनांचा स्वर देणार हे कीबोर्ड ठरवत नाही, वाद्य ठरवते. आणि १९९२ पासून मिडीत स्वरजुळणीच्या सूचनांचीही सोय आहे. रागदारी संगीत करणाऱ्याने ही सोय वापरलीच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब मुख्यतः संगणकाच्या बफरमुळे, म्हणजे आवाजाचे नमुने वाजण्याआधी जिथे साठतात त्या तात्पुरत्या साठ्यामुळे होतो, केबलमुळे नव्हे. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद खातो, १२८ चा फक्त ३. वाजवताना लहान बफर ठेवावा, नंतर मिश्रण करताना मोठा.

स्वरजुळणी करताना एक काळजी घ्यावी. कोणत्या पट्टीने नेमका किती उंच स्वर द्यायचा याचा तक्ता पांढरी एकला ‘सा’ मानून केला असेल आणि गायक काळी चारला गाणार असेल, तर कीबोर्डवरचे ट्रान्सपोज बटण दाबू नये. त्याने क्रमांकच सरकतात आणि नवा ‘सा’ तक्त्यातल्या कोमल धैवताच्या जागी जाऊन बसतो. कीबोर्ड पांढरी एकमध्येच वाजवावा आणि संपूर्ण वाद्याची उंची सॉफ्टवेअरमध्ये आठ अर्धस्वरांनी चढवावी किंवा चारांनी उतरवावी.