रंग पाहून जोडीदार निवडणारे मासे

नाशिकमधल्या एखाद्या दुकानात आफ्रिकन सिक्लिड घ्यायला गेलेला माणूस सहसा प्रत्येक रंगाचा एकेक मासा उचलतो. एक पिवळा, एक निळा, एक केशरी. नुसती शोभेची टाकी हवी असेल तर हे चालून जातं. पिल्लं काढायची असतील, तर घोळ इथूनच सुरू होतो.

यांतले बरेच मासे मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. सुमारे ७०० मीटर खोल असलेल्या या एका सरोवरात सिक्लिडच्या ५०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. या जाती उत्क्रांतीच्या हिशेबात इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या आहेत की अनेकींचा आपसात संकर होतो आणि संकरित पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. मग सरोवरात त्या वेगळ्या राहतात कशा? मोठा वाटा माद्यांच्या निवडीचा. मादी रंगावरून आपल्या जातीचा नर ओळखते. जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली पूर्व आफ्रिकेतल्याच व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडबद्दल हेच दाखवलं. पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले आणि जातींमधलं अंतर पुसट होऊ लागलं. प्रयोगशाळेत रंगांतला फरक लपवणाऱ्या प्रकाशात माद्यांची निवडही ढिली पडली.

घरच्या टाकीत प्रकाश भरपूर असतो, पण आपल्या जातीचा नरच नसेल तर मादी दुसऱ्याचा स्वीकार करते. म्हणून माझा आग्रह एकच: पिल्लं काढायच्या टाकीत जात एकच ठेवा. सुरुवातीला यलो लॅब हा मलावीचाच पिवळा सिक्लिड उत्तम, त्यातल्या त्यात शांत मासा आहे. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे सहा-आठ लहान मासे एकत्र घ्यावेत आणि मोठे झाल्यावर एक नर, चार-पाच माद्या ठेवाव्यात.

पाणी जड (म्हणजे क्षार जास्त असलेलं) आणि अल्कधर्मी लागतं, पीएच साधारण ७.८ ते ८.६. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकसारखं नसतं, तेव्हा किट आणून तपासाच. क्लोरीन काढणं आलंच. एक गोष्ट मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. पीएच ७ वरून ८ वर गेला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. हा अमोनिया माशांच्या घाणीतून येतो आणि फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात. म्हणून इथे ते जिवाणू नीट रुजल्याशिवाय मासे सोडूच नयेत.

दगडांची आपल्याकडे चंगळ आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाण्यात विरघळत नाही, कपारी रचायला झकास. त्यात पांढरे स्फटिक दिसले तर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर ते कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, आणि या माशांना ते मानवतं. थंडीत नाशिकची पहाट दहा अंशांखाली उतरते, त्यामुळे हीटर हवाच. पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवावं.

आता खरी गंमत. नर थरथरत मादीभोवती गोल फिरतो. ती सपाट दगडावर अंडी घालते आणि लगेच वळून तोंडात घेते. मलावीच्या बऱ्याच जातींत नराच्या गुदपरावर (पोटाखालच्या मागच्या परावर) अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. मादी तिथे तोंड नेते, नर शुक्रद्रव सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फलित होतात. पुढचे साधारण तीन आठवडे ती जवळजवळ काहीच खात नाही. जबड्याखालचा भाग फुगलेला दिसतो आणि अंडी उलटीपालटी करताना ती काही चघळतेय असं वाटतं. बाजारात मिळणारी चिलापी याच कुळातली, मूळची आफ्रिकेतली आणि १९५२ साली भारतात आणलेली. तीही अशीच तोंडात पिल्लं सांभाळते आणि आज आपल्या जलाशयांत सगळीकडे पसरली आहे. म्हणूनच टाकीतले नको झालेले मासे गोदावरीत सोडायचे नाहीत.

मादीला आधीच हलक्या हाताने वेगळ्या टाकीत हलवलं, तर बाहेर आलेली पिल्लं इतर माशांच्या तोंडी जात नाहीत. बलक संपवूनच ती बाहेर पडतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवाची) पिल्लं किंवा बारीक चुरलेलं खाद्य खातात. कुणाला देताना जातीचं नाव सांगूनच द्या. आईबाप नक्की माहीत नसलेली पिल्लं पुढे वाढवायला देऊ नका, कारण संकर झालेला मासा पिल्लूपणी शुद्ध जातीपेक्षा वेगळा ओळखू येत नाही.